मिश्रणाचा काटा

आमच्या आडते बाजारातील भुसार मालाच्या दुकानात आजोबांच्या काळचा एक पितळी तराजू अजूनही भिंतीवर टांगलेला आहे. मालाची तोलणी आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते आणि त्या काट्याला दरवर्षी वैधमापन खात्याचा शिक्का घ्यावा लागतो. तराजूकडे कोणी वळूनही पाहत नाही. असे असूनही गेल्या वर्षी मुलाच्या मोटारसायकलीसाठी ‘फ्युएल ट्यूनर’ नावाची एक लहानशी पेटी निवडण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या पेटीची विद्या मला उलगडली ती या पितळी तराजूमुळे. भुसार व्यापाऱ्याने अशा विषयावर लेखणी उचलावी याचे वाचकांना नवल वाटेल. करंजीच्या घाटात जे घडले ते घडले नसते, तर मीही या विषयाच्या वाटेला गेलो नसतो.

मार्गशीर्षाचे दिवस होते. जिल्ह्यात ऊसतोडणीचा हंगाम भरात होता. मुलगा आणि त्याची धाकटी बहीण पाथर्डीच्या मामांकडे मोटारसायकलवरून गेली होती. घाटातील चढावर त्यांच्यापुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. रस्ता मोकळा दिसताच मुलाने गाडी उजवीकडे काढली आणि मूठ पूर्ण पिळली. नेमक्या त्याच क्षणी इंजिनाने उचकी घेतली. एक-दोन सेकंद गाडी पुढे जाईना, आणि तेवढ्यात वळणावरून एसटी आली. ब्रेक लावून त्याने गाडी कशीबशी ट्रॉलीच्या मागे घेतली. परंतु सांडलेल्या पाचटावर चाक घसरले आणि दोघेही पडली. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होते. मुलाला खरचटण्यावर निभावले, मुलीच्या मनगटाचे हाड मोडले. वळणाअगोदर ओलांडायला नको होते, हे त्याने त्याच दिवशी कबूल केले. पण ती उचकी कोठून आली?

दोन महिन्यांपूर्वी त्याने कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळ्या नळीचा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला होता, आणि कागदी एअर फिल्टरच्या जागी अधिक हवा ओढणारा फिल्टर घातला होता. हे काम शहरातीलच एका गॅरेजात झाले. गाडी एक सिलिंडरची, चारशे सीसीच्या आतबाहेरची. खर्च त्याने स्वतःच्या पगारातून केला होता. खरे सांगायचे तर मला तो आवाज पहिल्या दिवसापासून खटकत होता. तरीही मी बोललो नाही. त्याच्या वयाची मुले पुण्या-बंगळुरूला निघून गेली असताना हा रोज सकाळी नऊला दुकान उघडतो, तेव्हा त्याचा एखादा छंद आपण सोसावा, असा व्यवहार मी मनातल्या मनात केला होता. त्या मौनाची किंमत मुलीच्या मनगटाला मोजावी लागली, हे मी आजही विसरलेलो नाही.

त्या रात्री घरात दोनच मते होती. आमच्या मातोश्रींचे म्हणणे, गाडी उद्याच्या उद्या विकून टाका. माझेही तेच. मुलगा बराच वेळ खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, “पप्पा, विकू. पण अशीच विकली, तर घेणाऱ्याच्याही मागे कोणीतरी बसणारच ना?”

यावर मला उत्तर सुचले नाही. किडका माल खालच्या थराला घालून पोते शिवणारा व्यापारी आपल्या पेठेत कोणत्या नजरेने पाहिला जातो, हे मी त्याला लहानपणापासून सांगत आलो होतो. दोष ठाऊक असताना वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाही, एवढे ठरले की विकण्याआधीही ती नीट करणे आलेच. जुना सायलेन्सर पुन्हा बसवावा, तर तो गॅरेजवाल्याने जुन्या मालात जमा करून घेऊन पुढे विकलाही होता. विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, “त्यात एवढे काय, एक ट्यूनर टाका, सगळे सुरळीत होईल.” कोणता ट्यूनर, तो काय करतो, याचे उत्तर मात्र त्याच्याजवळ नव्हते, जो जास्त महाग तो जास्त चांगला, एवढेच तो सांगू शकला. जो विकणारा मालाचा गुण सांगू शकत नाही आणि भाव मात्र सांगतो, त्याच्याकडून मी आजवर तूरडाळही घेतलेली नाही.

तेव्हा आम्ही चाचांकडे गेलो. हे आता थकले आहेत, गॅरेज त्यांचा मुलगा पाहतो. परंतु माझ्या वडिलांची लूना त्यांनीच वर्षानुवर्षे सांभाळली. नव्या पिढीसाठी सांगतो: १९७२ साली बाजारात आलेली ती पन्नास सीसीची, पायडल असलेली मोपेड आपल्याच शहरात, हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यात तयार होत असे. आमच्या समाजातील एका घराण्याने नगरच्या मातीत उभे केलेले ते वाहन, म्हणून वडिलांना तिचा विशेष अभिमान होता. टू-स्ट्रोक असल्याने तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. वडील पंपावर ऑइलचे माप डोळ्यांसमोर धरून, हळदीचा भाव ठरवावा तितक्या काळजीने ते ओतत. कमी पडले तर इंजिन जाम होई, जास्त झाले तर निळा धूर निघे आणि प्लग काळा पडे. मिश्रण हा शब्द मी प्रथम ऐकला तो तेथे.

चाचांनी गाडी सुरू करायला सांगितली, दोन-तीनदा मूठ पिळवून सोडायला लावली. मूठ सोडताना सायलेन्सरमधून फटफट असे बार निघत होते. “शेठ,” ते म्हणाले, “हवा जास्त झाली, पेट्रोल तेवढेच राहिले. पूर्वी कार्ब्युरेटर होता, मी जेट बदलला असता, स्क्रू अर्धा आटा फिरवला असता. आता तो स्क्रू आकड्यांत गेला. माझ्या हाताला तो लागत नाही.” आपल्या विद्येची सीमा इतक्या सरळपणे सांगणारा कारागीर विरळा. त्यांनीच पुण्यात भोसरी भागात डायनो यंत्र असलेल्या एका कार्यशाळेचा पत्ता दिला आणि एक सूचना केली: पेटी आधी घेऊ नका, आधी मोजून घ्या.

मोजायचे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यात आमचे पंधरा दिवस गेले. रात्री दुकान वाढवल्यावर मुलगा समजावून सांगे आणि मी शंका काढी. देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि जवळजवळ सगळ्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. आता पेट्रोल किती द्यायचे हे ईसीयू नावाचा लहानसा संगणक ठरवतो. त्याच्याजवळ एक तक्ता असतो, ज्याला ही मंडळी ‘मॅप’ म्हणतात. आपल्या खतावणीसारखाच तो समजावा: एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला मूठ किती उघडली आहे ते, आणि प्रत्येक घरात इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा याचा आकडा. हवेचे तापमान, दाब, इंजिनाची उष्णता पाहून तो त्यात थोडी वजाबाकी-बेरीज करतो. मिनिटाला सहा हजार फेरे होत असतील, तर सेकंदाला पन्नास वेळा हा हिशेब होतो. आमच्या मुनीमजींना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. घाट चढताना किंवा मूठ पूर्ण उघडल्यावर मात्र इंजिनाला याहून थोडे श्रीमंत मिश्रण हवे असते, साडेबारा ते तेराच्या आसपास. जास्तीचे पेट्रोल ताकद देते आणि इंजिन थंडही ठेवते. आता पितळी तराजू येथे उपयोगी पडला. धुराड्याच्या नळीत एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. कंपनीने दिलेला साधा सेन्सर म्हणजे मापांशिवायचा तराजू: पारडे कोणीकडे झुकले एवढेच तो सांगतो, किती झुकले ते सांगत नाही. संथ गतीने जाताना तेवढे पुरते. ईसीयू त्याचे ऐकून थोडे कमी-जास्त करत राहतो. पण मूठ पूर्ण पिळली की तो सेन्सरचे ऐकणे थांबवतो आणि लिहून ठेवलेल्या तक्त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. आणि तो तक्ता कंपनीचा सायलेन्सर व कंपनीचा फिल्टर गृहीत धरून लिहिलेला असतो. मुलाने पारड्यात हवा वाढवली होती आणि वहीत त्याची नोंद कोठेच नव्हती. घाटातली उचकी म्हणजे ही राहून गेलेली नोंद होती.

ट्यूनर निवडायचा म्हणजे ही नोंद कोणाकडून आणि कोणत्या पद्धतीने लिहून घ्यायची ते ठरवणे. मी मुलाला जुन्या रोजमेळाचे एक कोरे पान दिले आणि सांगितले, दुकानात नवा काटा किंवा नवी चाळणी घेताना आपण जे विचारतो ते सगळे येथे लिही: हे काय मोजते, किती बदलते, काढून पूर्ववत करता येते का, बिघडले तर कोण पाहील, आणि विकणारा बिलावर काय लिहून देतो.

सगळ्यांत स्वस्त मार्ग पानावर पहिल्याच ओळीत आला आणि पहिल्यांदा खोडला गेला. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला एक जोड लावतात आणि हवा खऱ्यापेक्षा थंड आहे असे ईसीयूला भासवतात. थंड हवा दाट असते, म्हणून तो सरसकट पेट्रोल वाढवतो. काम होते, हे नाकारत नाही; पुष्कळ लोक समाधानी आहेत. परंतु सेन्सर कोणाच्याही बाजूने खोटे बोलावा हे मला रुचले नाही आणि मुलाचा आक्षेप अधिक शास्त्रीय होता: ज्या घरात कमतरता नाही तेथेही ते पेट्रोल ओतते.

दुसऱ्या टोकाला ईसीयूचाच तक्ता पुसून नवा लिहिण्याची पद्धत, म्हणजे ‘फ्लॅश’. वायर नाही, पेटी नाही, दिसायला काहीच नाही. जाणत्या हाताने केले तर हे सर्वांत स्वच्छ काम, असे जाणकार म्हणतात. पण मूळ तक्ता आधी जपून ठेवला नसेल तर परतीची वाट बंद. आणि सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीत कंपनीने आपला नवा तक्ता भरला की सगळे पुसले जाते. मूळ वही नष्ट करून नवी लिहिणाऱ्याकडे आपला कर सल्लागार कोणत्या नजरेने पाहील, असा प्रश्न मी विचारला. मुलगा बऱ्याच दिवसांनी हसला.

मधल्या जागेत पेट्या. ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये ती बसते, ईसीयूचा हुकूम वाचते आणि इंजेक्टर थोडा अधिक किंवा कमी वेळ उघडा ठेवते. मूळ वही तशीच राहते, ही केवळ पुरवणी. काढून घेतली की गाडी होती तशी. अमेरिकेतील डायनोजेट कंपनीचा पॉवर कमांडर या जातीतला जुना आणि प्रसिद्ध. आपल्याकडे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे पॉवरट्रॉनिक आणि फ्युएलएक्स. यातही भेद आहे. फ्युएलएक्ससारखी पेटी फक्त इंधन पाहते आणि ऑक्सिजन सेन्सरशी जोडून घेते. पॉवरट्रॉनिकसारखी पेटी इंधनाबरोबर ठिणगीची वेळही बदलू शकते. लॅपटॉप जोडून प्रत्येक घरातला आकडा बदलता येतो. अर्थातच तरुणांचे मन दुसरीकडे धावते. पण ठिणगी वाजवीपेक्षा लवकर पडली तर इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनला इजा होते. इंधनाची चूक बहुधा पेट्रोल खाते, ठिणगीची चूक इंजिन खाते, असे मला कळलेले सार. आणखी एक मोह म्हणजे दुसऱ्याने तयार केलेला मॅप आयता घेऊन भरणे. येथे आपल्या जिल्ह्याचाच एक मुद्दा आडवा आला.

प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून हा जिल्हा उसाचा. आज त्याच उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच्या एका ग्रॅमला नऊच ग्रॅम हवा पुरते. म्हणजे वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास हवा लागते. दुसऱ्या देशात, दुसऱ्या पेट्रोलवर, दुसऱ्या सायलेन्सरसाठी लिहिलेला आकडा आपल्या टाकीला लागू पडणार कसा? ज्या उसाच्या ट्रॉलीने आमची वाट अडवली, त्याच उसाचा अंश आमच्या टाकीतही होता, हे लक्षात आले तेव्हा मला जरा चमत्कारिक वाटले.

पंधरा दिवसांअखेर पानावर एकच नाव उरले: केवळ इंधनाची, काढता येणारी पेटी. मुलाने पैसेही बाजूला काढून ठेवले. ते पाकीट गल्ल्याच्या खालच्या खणात होते आणि त्याच्यावर त्याने तारीख घातली होती.

पौषात एका रविवारी टेम्पोत गाडी घालून आम्ही भोसरीला गेलो. तेथे एक तिशीतली अभियंता मुलगी काम पाहत होती. माझ्या मनात आधी किंचित शंका आली हे प्रामाणिकपणे सांगतो. पुढच्या दहा मिनिटांत ती विरून गेली. डायनोवर चढवण्याआधी तिने थंड इंजिन असताना सायलेन्सरच्या सांध्याला साबणाचे पाणी लावले, नळीच्या टोकाला कापडाचा बोळा धरला आणि गाडी सुरू करायला सांगितली. सांध्यापाशी बुडबुडे फुटू लागले. सायलेन्सर बदलताना नवी गॅस्केट घालण्याऐवजी जुनी दबलेली गॅस्केटच पुन्हा बसवली होती. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू.

“काका, ही गळती सेन्सरच्या आधी आहे,” ती म्हणाली. “बाहेरची हवा आत येते, सेन्सरला वाटते मिश्रण कोरडे आहे, तो ईसीयूला पेट्रोल वाढवायला लावतो. म्हणजे साध्या रस्त्यावर तुमची गाडी नको तेवढे पेट्रोल पिते. आणि मूठ पूर्ण उघडली की सेन्सरचे कोणी ऐकतच नाही, तिथे ती उपाशी. ॲव्हरेज कमी झाले होते का?”

झाले होते. मुलाने ते आवाजाच्या आनंदात सोडून दिले होते. त्याचे तोंड पाहण्यासारखे झाले. सेन्सरशी जोडली जाणारी जी पेटी आम्ही इतक्या विचाराने निवडली होती, ती या खोट्या साक्षीवरच आपला हिशेब बांधणार होती. बिघडलेल्या काट्यावर कितीही काळजीने तोलले तरी माल कमीच भरायचा.

नवी गॅस्केट घातली, मागचे चाक रुळावर चढवले आणि नळीत दुसरा, रुंद पल्ल्याचा सेन्सर खुपसला. हा मापांसह तराजू: पारडे किती झुकले ते आकड्यात सांगतो. पडद्यावर रेघ उमटू लागली. साध्या गतीला आता सगळे ठीक होते. पूर्ण मुठीवर मात्र रेघ चौदाच्या वर जात होती. तेथे तेरा हवे होते. उचकी पकडली गेली होती.

आता पेटी घ्यायची की नाही? मी तिला सरळ विचारले. ती म्हणाली, हा सायलेन्सर आणि हा फिल्टर ठेवायचा असेल तर पेटी हवीच, त्यावाचून ही गाडी रस्त्यावर नेऊ नका. तुम्ही निवडलेली जातही योग्य. पण मग तिने पुढचे सांगितले, जे विकणारा सहसा सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीच्या वेळच्या मूळ तपशिलात परवानगीवाचून बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आवाजाचा आणि धुराचा कायदा वेगळा. अशा पुष्कळ पेट्यांचे निर्मातेच त्या शर्यतीच्या बंद मैदानासाठी असल्याचे लिहितात. आणि अपघात झाला, तर विमा कंपनी सर्वांत आधी विचारते की गाडीत काय बदलले होते.

मला आपल्या शहरातील व्हीआरडीई आठवली. बाजारात येण्याआधी वाहनांना ज्या मोजक्या संस्थांकडून तपासणी करून घ्यावी लागते, त्यांतील एक आपल्या नगरात आहे. तेथल्यासारख्या चाचणीतून उतरलेली गाडी आपण एका दुपारी, पान्याच्या चार आट्यांनी बिनतपासणीची करून टाकतो. आपल्या काट्यावरचा शिक्का कोणी एका दुपारी फोडला, तर आपण त्याला दुकानात उभे करणार नाही.

मी निर्णय दिला नाही. याचे श्रेय मी घेत नाही. मुलीच्या मनगटाकडे पाहून मला बोलण्याचा अधिकार फारसा उरलेला नाही, असे वाटत होते. मुलगा बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा राहिला. परत आला आणि म्हणाला, “कंपनीचा सायलेन्सर आणि कंपनीचा फिल्टर लावून पुन्हा एकदा मोजाल का?” सायलेन्सर नवा घ्यावा लागला. पाकिटातले पैसे त्याला पुरले नाहीत. उरलेले मी घातले, आणि त्याने ते उसने म्हणून स्वतः नावे लिहून घेतले. पुढच्या रविवारी पुन्हा डायनो झाला. पूर्ण मुठीवर रेघ तेराच्या जवळ येऊन टेकली. पेटीची गरज उरली नाही. तिच्या मोजणीचे पैसे तिने घेतले, ते घेतलेच पाहिजेत. परंतु पेटी विकण्याची संधी तिने दोनदा सोडली, म्हणून आता आमच्या ओळखीत कोणाला विचारायचे असले की आम्ही तिच्याकडेच पाठवतो.

तसे विचारणारे येतातही. मुलाचे ते रोजमेळाचे पान पेठेतील चार-पाच मुलांनी मागून नेले आहे. त्यांतील एकजण कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर खरोखरच गाडी पळवतो, वेगळ्या, नोंदणी नसलेल्या गाडीवर. त्याला आमच्या मुलाने ठिणगीची वेळ बदलणारी मोठी पेटी घे म्हणून सांगितले, आणि आधी डायनोवर जा, साबणाचे पाणी लाव, म्हणूनही सांगितले. त्याच्यासाठी तेच योग्य होते. बंद मैदानावर समोरून एसटी येत नाही.

मुलाला पश्चात्ताप होतो का, हे मला नक्की सांगता येणार नाही. कंपनीचा सायलेन्सर पथ्यावर असलेल्या माणसासारखा बोलतो, असे तो म्हणतो. मोकळा सायलेन्सर त्याने विकला नाही; घेणारा कोणत्या गाडीला, कोणत्या गॅस्केटवर लावील याचा भरवसा नाही, म्हणून तो भंगारात वजनावर दिला. मोठा फिल्टर मात्र माळ्यावर आहे. मी तो पाहिला आहे आणि त्याविषयी काही बोललेलो नाही. या वेळचे मौन निराळ्या जातीचे आहे, असे मी स्वतःला समजावतो.

वैशाखात, अक्षय तृतीयेला, पाथर्डीच्या मामींचे वर्षीतपाचे पारणे होते. घरातील सगळे मोटारीने निघाले. मुलीचे प्लास्टर सुटून बरेच दिवस झाले होते. ती ओसरीवर उभी राहिली आणि भावाला म्हणाली, “दादा, मी तुझ्यामागे बसते.” मातोश्रींनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. मुलाने तिचे हेल्मेट स्वतः बांधले, पट्ट्यात बोट घालून पाहिले.

आम्ही त्यांच्या मागेच होतो. करंजीच्या घाटात कांद्याने भरलेला एक ट्रक पुढे होता आणि अगदी बैलगाडीच्या चालीने चालला होता. मधे दोनदा रस्ता मोकळा झाला. मुलाने इंडिकेटर दिला नाही. घाट संपेपर्यंत तो ट्रकच्या मागेच राहिला, आणि आम्ही पारण्याला वीस मिनिटे उशिरा पोहोचलो.